टाइपिंगच्या बाईंचा पुठ्ठा

दुरुस्तीवाल्याने तिसरा पेनड्राइव्ह संगणकाच्या मागे खोचला आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला.

"विंडोजऐवजी चालणारं हे लिनक्स सगळ्यात हलकं," तो म्हणाला. "आधीच्या दोघांनी याला पार धाप लावली. वय झालंय याचं. मेमरी जेमतेम. जड काही झेपायचं नाही."

"माझ्याबद्दलही डॉक्टर हेच म्हणाले," टाइपिंगच्या बाई म्हणाल्या.

मागे लेक पुस्तकांच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती. तिचा हात क्षणभर थांबला.

बाईंनी तीस वर्षं टाइपिंगचा वर्ग चालवला होता. वर्ग बंद झाल्यावरही या संगणकावर रोज पानभर काहीतरी लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मग हार्ड डिस्क गेली आणि तिच्यासोबत आतलं सगळं. लेकीने हौसेने नवा लॅपटॉप आणला, बाईंनी सवयीने न बघता बोटं चालवली आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. लेक धास्तावली. डॉक्टरांनी आईला एकटं ठेवू नका म्हणून सांगितलं. बाईंनी वाद घातला नाही, आणि लेकीला तेच जास्त लागलं. त्यांची अट एकच होती. जुन्या संगणकावर एकदा बसू दे. तिथेही जमलं नाही, तर घराला कुलूप लावून तुझ्याकडे येते.

खोकी निम्मी भरून झाली होती.

"बसा बाई. लिहा काहीतरी."

बाईंनी पाठ ताठ केली, मनगटं उचलली आणि एक ओळ झरझर टाइप केली. मग पडद्याकडे पाहिलं. एकही शब्द लागत नव्हता.

"झालं," त्या म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"आई, अगं, राहू दे ना," लेक म्हणाली.

दुरुस्तीवाला मात्र वाकून पडदा बघत होता.

"बाई, तीच ओळ परत लिहा. अजून दोनदा."

"कशाला माझी शोभा करतोस?"

"लिहा तर खरं."

बाईंनी लिहिली. तिन्ही ओळी एकाखाली एक आल्या. त्याने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग सरळ उभा राहून स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"तिन्ही ओळी सारख्या आहेत. काना, मात्रा, सगळं! विसरलेला माणूस दर वेळी वेगळं चुकेल ना? बाई, तुमची बोटं टाइपरायटरच्या कळांवर पडतायत. लॅपटॉपवर आणि या लिनक्सवर अक्षरांच्या जागाच वेगळ्या आहेत."

"मग इतकी वर्षं यावर कसं जमत होतं?" लेकीने विचारलं.

"कुणीतरी यात जुनी मांडणी बसवून दिली असणार."

बाईंनी पदराचं टोक हातात घेतलं.

"हे बसले होते एकदा, दिवसभर," त्या म्हणाल्या. "विचारलं तर म्हणाले, काही नाही, धूळ पुसतोय. मला वाटलं, सगळे संगणक असेच असतात."

भिंतीवरच्या फोटोकडे लेकीने पाहिलं, बाईंनी नाही. त्या पदराने कळफलक पुसत होत्या, स्वच्छ असूनही.

दुरुस्तीवाल्याने चौथा पेनड्राइव्ह काढला. त्यात डेबियन नावाचं दुसरं लिनक्स होतं. मशीनला जरा जड म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं होतं, पण त्याच्यासोबत टाइपरायटरची मांडणी घालता येत होती. दिखाऊ गोष्टी वगळून साधा डेस्कटॉप बसवायला तासाभराहून जास्त वेळ गेला.

"माझंच चुकलं," काम करता करता तो म्हणाला. "मी डब्याचं वय बघत बसलो. बोटांचं बघायला हवं होतं."

"पण तुला त्या कळा कशा ठाऊक?" बाईंनी विचारलं.

"माझी ताई तुमच्याकडे शिकली. घरी मशीन कुठलं? पुठ्ठ्यावर काढलेल्या कळांवर सराव करायची आणि मी समोर बसून तिच्या चुका काढायचो. तिला नोकरी लागली म्हणून माझं शिक्षण झालं. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते, बाई."

संगणक तयार झाल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि न थांबता चार ओळी टाइप केल्या. लेक मागे येऊन उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली.

"'चौथ्या मशीनवर बसायची. केसांत हिरवी रिबीन, डावी करंगळी कच्ची. धाकटा भाऊ पायरीवर केळी खायचा आणि सालं माझ्या कुंडीत टाकायचा. वर्गाचा पुठ्ठा आठ दिवसांसाठी नेला होता, अजून परत केलेला नाही.'"

दुरुस्तीवाल्याचे कान लाल झाले.

"ताईच्या टेबलावर आहे अजून. काचेखाली," तो म्हणाला. "आणून देऊ?"

"राहू दे तिच्याकडेच," बाई म्हणाल्या. "चांगल्या ठिकाणी आहे."

लेक खोक्यापाशी गेली. तिने चिकटपट्टीचं टोक नखाने सोडवलं, पट्टी सर्रकन ओढून काढली आणि पुस्तकं एकेक करून फळीवर लावायला लागली.

"तो जाडा कोश खालच्या फळीवर होता," बाई मागे न वळता म्हणाल्या.