पोचूचे तीन रणगाडे

एकाहत्तरच्या लढाईत रिसालदार वामनरावांनी एका सकाळी शत्रूचे पाच रणगाडे फोडले, ही गोष्ट साऱ्या मूल तालुक्याला तोंडपाठ होती. तिला साक्षीदार एकच उरला होता: त्यांच्या रणगाड्याचा चालक उमाजी. आता गावतलावाच्या पाळीवर त्या पराक्रमाची शिळा बसायची होती. आणि आदल्या दिवशी रुखमाबाई उमाजीच्या ओसरीवर येऊन बसली.

तिचा नवरा पोचू त्याच लढाईत पुढच्या रणगाड्यावर तोफेला होता. रणगाडा पेटला, आतले सारे गेले. लष्करी कागदात एवढेच होते, की त्या रणगाड्याने एकही गोळा डागला नाही.

"उमाजीभाऊ, शिळा बसाच्या आंधी खरं सांगा. माह्या माणसानं एक तरी गोळा मारला का नाई?"

उमाजीला उत्तर ठाऊक होते. तो आणि वामनराव टेकाडावर पोहोचले तेव्हा पाचांपैकी तीन रणगाडे आधीच जळत होते, आणि त्यांच्यासमोर पोचूचाही. पुढे चौकशीत साहेबांनी विचारले, पाचही तुमचेच ना? बावीस वर्षांच्या उमाजीने मासे धरणाऱ्या धिवराच्या रीतीने विचार केला. गावतलावात सारे मिळून मासे धरतात, तेव्हा मासा कोणी हाकलला हे कोणी पुसत नाही. ज्याच्या जाळ्यातून काठावर आला, त्याचा. रणभूमी वामनरावांच्या हाती राहिली होती. तो हो म्हणाला आणि त्याने सही केली. पोचूविषयीची ओळ पुढे कानावर आली, तेव्हा आपण काय केले ते त्याला उमगले. पण बोलायचे धैर्य झाले नाही.

तिला काही न सांगता तो वामनरावांकडे गेला आणि उद्या खरे सांगून टाकतो म्हणाला. ते रागावले नाहीत.

"सही तुहीच हाये," ते म्हणाले. "तवा खोटा होतास, का आता होऊन राह्यलास?"

दुसऱ्या दिवशी शिळेवरचा पडदा सरला आणि उमाजीच्या हाती ध्वनिक्षेपक आला. "दोन आमचे," तो म्हणाला. "तीन पोचूचे." संयोजकाने हळूच ध्वनिक्षेपक काढून घेतला आणि वयोमानाचा आदरपूर्वक उल्लेख केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वामनराव शिळेवर कोरलेल्या पाचाच्या आकड्याकडे बघत राहिले.

गर्दी पांगल्यावर रुखमाबाई जवळ आली. तिने हात जोडले नाहीत.

"माही सासू मरेपर्यंत पुसत होती, पोरगा भ्याला होता का म्हून," ती म्हणाली. "तिले आता कोन सांगन?"

ती पाळीवरून एकटीच घराकडे निघाली.