वाडीच्या जिभेची बियर

ताडीच्या मुलखात बियर मुरवायचं खूळ इनासनं हौसेनं घेतलं नव्हतं. कल्याणला रेल्वेच्या गोऱ्या साहेबाकडे तो खानसामा. साहेबाची बदली भुसावळला झालेली, आणि दोन खानसाम्यांतला एकच सोबत न्यायचा होता.

"नाताळाला घरच्यासारखी बियर पाजेल तो माझा," म्हणत साहेबानं वाळक्या हॉपफुलांचे दोन डबे त्याच्या हाती दिले. "कडू फूल बियर टिकवतं, सौम्य फूल नुसता वास देतं. दोन्ही घाल."

इनासनं ठाण्याला घरी जवाला मोड आणले, वाळवून उकळले, दोन्ही फुलं घातली. पण वाडीत नवं काही मुरलं की पहिला पेला वडीलधाऱ्यांचा. अँब्रोजमामानं घोट घेतला नि भर अंगणात थुंकला.

"काय रं, मना ताप आलाय का? हा तर कडू काडेचिराईत!"

"मामा, साहेबाला असंच लागतं."

"साहेबाची जीभ मेलेली. तुझी तर जित्ती हाय ना?"

अंगण हसलं. साहेबाचा हुकूम कल्याणला होता, हसू मात्र दारात.

"अवो, साहेब सांगतो तसंच करा," बायको लुर्दस म्हणाली. "मामा काय नोकरी देणार हाय तुम्हाला?"

दुसऱ्या खेपेला इनासनं कडू डबा उघडलाच नाही. या वेळी मामानं मिशा चाटल्या, आणखी मागितली. इनास आठवडाभर वाडीतून नव्या जावयासारखा मिरवला. पिंप मात्र नाताळाची वाट बघत परसात ऊन खात राहिलं.

नाताळाला कल्याणच्या बंगल्यावर साहेबानं पिंपाची खुंटी काढली, वास घेतला, पेला खाली ठेवला. ओरडला असता तर पाय तरी धरता आले असते.

"लोणच्याला बरी आहे," एवढंच तो म्हणाला. आतल्या खोलीत दुसरा खानसामा साहेबाच्या बशा पेंढ्यात बांधायला लागलेलाच होता.

पिंप ठाण्याला परत आलं. लुर्दसनं शिरक्याच्या बरण्या धुवून ओळीनं उपड्या घातल्या. तेवढ्यात अँब्रोजमामा स्वतःचा पेला घेऊन हजर.

घोट घेऊन त्यानं मान हलवली. "आंबली रं ही. थोडं कडू घालायचं व्हतंस."

इनासनं त्याचा पेला काठोकाठ भरला.

"घ्या, मामा. आता सगळी तुमचीच."