नळ खोकला

माझ्या धंद्याचं नेटवरचं पान बुधवारी उडालं. अकरा वर्षं त्या पानावर एकच ओळ होती: ‘कसलीही गळती, आजच्या आज बंद.’ खाली फोन नंबर आणि हातात पाना घेतलेला माझा फोटो. त्यात पोट मी श्वास रोखून आत घेतलंय. सकाळी उघडून बघतो तर करडी पाटी: ‘कायदेशीर विनंतीवरून हा मजकूर तुमच्या भागात उपलब्ध नाही.’

मी साधा प्लंबर. माझ्या पोटावर कोणाचा कायदेशीर आक्षेप असेल ते कळेना.

दुपारी भाचीचा फोन. “मामा, माझा व्हिडिओ उडवला.”

तेव्हा ट्यूब पेटली.

झालं होतं असं. माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शीतगृहात मशीन चालवतात. मंगळवारी सकाळी साडेसहाला तिथली अमोनियाची नळी फुटली. सगळे बाहेर पळाले. दाजी ओला टॉवेल तोंडाला गुंडाळून आत गेले आणि वॉल्व्ह बंद करून आले. गेले दोन पायांवर, आले चार पायांवर. भाचीने गच्चीवरून तो पांढरा ढग रस्त्यावर उतरताना टिपला. बसची वाट बघणारी माणसं डोळे चोळत खाली बसताना त्यात दिसत होती. संध्याकाळपर्यंत दोन लाख लोकांनी पाहिलं.

सरकारी खात्याने त्याच दिवशी जाहीर करून टाकलं: ‘कोणतीही गळती झालेली नाही. तशी कोणतीही घटना घडलेली नाही.’ आणि मालक म्हणाला, या माणसाला जुना दमा आहे, आणि परवानगी नसताना वॉल्व्हला हात लावला म्हणून कामावरून कमी केलंय. जुना दमा! हा माणूस भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन चार मजले चढायचा आणि वर पोचल्यावर शिट्टी वाजवायचा. आता तीन शब्द बोलले की थांबतात, आणि चौथा येईपर्यंत ताई स्वतःचा श्वास धरून बसते.

ताई चौकशी कार्यालयात गेली. साहेब म्हणाले, “तक्रारदार तुम्ही एकट्याच. पंचवीस लेखी तक्रारी आल्या तर आत जाऊन तपासणी. पुढच्या शुक्रवारी पाचपर्यंत. नाहीतर फाइल बंद.” फाइल बंद म्हणजे दाजी खोटारडे, आणि फुफ्फुसं ज्याची त्याने सांभाळावीत.

पंचवीस माणसं मी दारोदार फिरून आणली असती हो. पण त्या सकाळी रस्त्यावर होती ती चार दिशांची: पहिल्या पाळीचे कामगार, भाजीच्या हातगाड्या, शाळेची व्हॅन. त्यांना गाठायचं तर फोनवरच. भाचीने तीनदा आवाहन टाकलं, तीनदा उडालं.

योगायोग बघा. ज्या कंपनीने हे सगळं उडवलं, तिच्या इथल्या ऑफिसातले नळ मीच दुरुस्त करतो. अकरावा मजला, काचेच्या भिंती, आणि चहाच्या खोलीत हे मोठं पोस्टर: ‘बोला. जग ऐकतंय.’ सोमवारी बेसिनखाली डोकं घालून बसलो होतो. शेजारी दोन बूट येऊन थांबले.

“काका, किती वेळ?”

“गळती कुठेय ते सापडेपर्यंत.”

बूट एक पाऊल मागे सरकले. “हळू बोला ना.”

“का, बेसिन ऐकतंय?”

मी बाहेर आलो. सरकारी पत्रव्यवहार बघणारी बाई होती. भाचीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी, नखं कुरतडून संपवलेली. मी पाना खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. दाजी, टॉवेल, करडी पाटी.

“काका, वरून यादी येते. बरीचशी तोंडी. चोवीस तासांत काढलं नाही तर इथल्या जबाबदार अधिकाऱ्याला आत टाकू म्हणतात.”

“इथला जबाबदार अधिकारी कोण?”

“मी.”

“मग कंपनीने कोर्टात जावं. एवढे वकील काय पोसायला ठेवलेत?”

“कंपनी म्हणते, इथला धंदा मोठा आहे. भांडण नको.”

“आणि हे?” मी पोस्टरकडे बोट केलं.

तिने संपलेलं नख परत तोंडात घातलं. मला तिची कीव आली, आणि कीव आल्याचा जास्त राग आला. मस्त ठरवून आलो होतो, कुणाला तरी फाडून खायचं म्हणून. आणि समोर कोण, तर ही.

“एवढं तरी सांगा. माणूस बघून उडवता का शब्द बघून?”

“शब्द मशीन पकडतं. गळती, वायू, अमोनिया, शीतगृह. मग तक्रारी जास्त आल्या की आपोआप जातं.”

“कोणाचंही?”

“कोणाचंही.”

बस्स. संध्याकाळी आमच्या धंद्यातले चौदा जण गोळा केले. प्रत्येकाने घरच्यांचे फोन आणले, एकाने तर सासूचा आणला. सगळ्यांनी मिळून सरकारी खात्याच्याच पोस्टवर तक्रार ठोकली: इथे गळतीबद्दल लिहिलंय! सव्वासातला ‘कोणतीही गळती झालेली नाही’ गायब. जागी करडी पाटी. हसून हसून मी जिन्यात बसलो. सासूवाला म्हणाला, “बघा, सरकारनेच सरकारचं तोंड दाबलं!”

एका तासात ते परत आलं. वर खात्याचा शिक्का, खाली ‘अफवांपासून सावध राहा’.

एका तासात! माझ्या भाचीचा व्हिडिओ तेव्हा पाच दिवस गायब होता. मशीन कोणाचंही उडवतं म्हणे. उडवतं खरं, पण परत कोणाचं आणायचं ते मशीन ठरवत नाही. हसू जिन्यातच राहिलं.

घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, “मोरीतला नळ खोकतोय.” आमच्या धंद्यातला शब्द. पाइपात हवा अडकली की नळ ठसकतो, थुंकतो, परत ठसकतो. मी तिच्याकडे असा बघत राहिलो की ती म्हणाली, “काय? पोळी जळतेय, पटकन बोला.”

नवीन पान काढलं. पाना तोच, पोट तेच. ओळ नवी: ‘मागच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला ज्यांच्या घरी नळ खोकला, त्यांनी या शुक्रवारी चार वाजता चौकशी कार्यालय, दुसरा मजला, इथे यावे. तपासणी होईल.’

“मामा, लोकांना कळेल?” भाची म्हणाली.

“त्या दिवशी ज्याचे डोळे झोंबले त्याला कळेल.”

मशीनला काही कळलं नाही. पान टिकलं.

शुक्रवारी चारला दुसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नाही. मी मोजले, अडतीस. हातगाडीवाले, कामगार, शाळेची व्हॅन चालवणारी बाई. एक आजोबा तर पिशवीत खराखुरा नळ घेऊन आलेले. दाजी भिंतीला टेकून उभे. त्यांच्या चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा रंग दिसला. ताईने फॉर्म वाटले, लोकांनी लिहिले, ताईने गठ्ठा साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी पहिला वाचला. दुसरा वाचला. दहावा वाचला आणि छान हसले. “बाई, या तर नळाच्या तक्रारी.”

मी गठ्ठा ओढला. ‘मंगळवारी सकाळी साडेसहाला आमच्या घरी नळ खोकला.’ पुढचा, तेच. त्याच्या पुढचा, तेच. अडतीसच्या अडतीस!

“पाणी विभाग तळमजल्यावर,” साहेब म्हणाले. घड्याळात चार चाळीस.

“कोरे फॉर्म द्या.”

“संपले.”

त्यांच्या कोपराखाली कोऱ्यांचा हा एवढा गठ्ठा होता. माझं डोकं सटकलं, पण साहेबांवर नाही, लोकांवर. “अरे, काय लिहिलंत हे! हा कागद आहे! इथे मशीन नाही, कोण उडवणार आहे तुमचं?”

व्हॅनवाली बाई माझ्यावरच वळली. “ओरडता कशाला? तुम्हीच तर असं लिहिलं होतं. आम्हाला वाटलं, तो शब्द इथेही चालत नाही.”

मागून एकजण म्हणाला, “आता घरी पण बोलत नाही आम्ही तो शब्द. उगाच फोन ऐकतो.”

सरकारने लोकांचं तोंड बंद केलं होतं, ते खरं. पण वाकड्या तोंडाने बोलायला मीच शिकवलं होतं, आणि वर हुशारीबद्दल स्वतःची पाठ थोपटली होती.

दाजींनी भिंत सोडली. व्हॅनवालीचा फॉर्म घेतला, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि एक शब्द खोडला. ‘नळ’. मग कागद तिच्यापुढे धरला.

‘मंगळवारी सकाळी साडेसहाला आमच्या घरी खोकला.’

“आता...” दाजी म्हणाले. ताईने श्वास धरला. “खाली... कशाने... ते लिही.”

बाईने लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने बोललीही: “शीतगृहातली अमोनियाची गळती. व्हॅनमध्ये अकरा मुलं होती.” मग खरखर सुरू झाली. अडतीस माणसं भिंतीवर, गुडघ्यावर, एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून नळ खोडत होती. आणि प्रत्येकजण तो शब्द तोंडाने म्हणत होता, गळती, गळती, पाढे म्हणावेत तसा.

आजोबा हळूच म्हणाले, “माझा नळ खरंच खोकतो हो.”

“आणि तुम्ही?”

“मी पण. मंगळवारपासून.”

“मग खोडा नळ.”

“खोडतो. पण मग नळाचं काय?”

“तो मी बघतो, आजोबा!”

“खाडाखोड चालणार नाही,” साहेब म्हणाले.

ताईने टेबलावर दोन्ही हात टेकले. तिने तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढलीत. “खाडाखोडीशेजारी सही असली की चालते, साहेब. नियम दाखवू?”

अडतीस सह्या. चार छप्पन्नला पोचपावतीवर शिक्का बसला, आणि साहेबांना स्वतःच्या हाताने लिहावं लागलं: ‘विषय: अमोनिया गळती. तपासणी सोमवारी.’ ताईने ती पावती तीनदा वाचली आणि दाजींच्या खिशात घालून वरून हात दाबून धरला.

जिन्यात माझा फोन वाजला. अकरावा मजला. “काका, लगेच या ना, बेसिनखाली फार गळती होतेय. गालिच्यावर पाणी आलंय.”

मी दाजींकडे बघितलं. ते कठड्याला धरून चौथ्या शब्दाची वाट बघत होते.

“बाई,” मी म्हणालो, “असले शब्द फोनवर बोलू नका. कोणतीही गळती झालेली नाही. तशी कोणतीही घटना घडलेली नाही.”

“काका, प्लीज! पाणी वाढतंय!”

“येतो. चोवीस तासांत.”