दरवाजावरचं भोक

स्टोव्हवरची किटली खदखदली तशी म्हाताऱ्या गाइडनं फडक्यानं तिची कडी धरली आणि दरवाजावरच्या खोलीत गुडघे टेकले. जमिनीतल्या भोकातून त्यानं खाली डोकावलं. पडक्या किल्ल्याच्या दरवाजात पंधरा माणसं माना वर करून उभी होती.

“पाचशे वर्षांपूर्वी शत्रू नेमका तुमच्या जागी उभा होता!” तो वरून गरजला. “तेवढ्यात उकळतं पाणी आलं. चिलखताच्या आत शिरलं. माणसं कातडीसकट चिलखत ओरबाडत होती. लवकर कुणी मरत नव्हतं, हीच तर मेख!”

“अगं बाई!” खालून कुणीतरी म्हणालं.

तीस वर्षं हाच खेळ चालला होता. गोष्ट सांगायची, एकाला भोकाखाली उभं करायचं आणि वरून मगभर गार पाणी ओतायचं. हशा पिकायचा.

आज भोकाखाली जावई उभा होता. बायकोला न्यायला आला होता, नवाकोरा शर्ट घालून, जसं काही घडलंच नाही. आठ दिवसांपूर्वी यानंच लेकीचा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार आपटलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. हाड मोडल्याचा आवाज शेजारणीनंसुद्धा ऐकला. मेल्याला सोलून काढला तरी कमीच! गार पाण्याचा मग म्हाताऱ्यानं आज कोपऱ्यातच ठेवला होता.

“टाका की सासरेबुवा!” जावई हसला. “भिजायची तयारी आहे आपली.”

“वर बघा, जावईबापू. डोळे उघडे ठेवा.”

लोक मोजू लागले. एक. किटली तिरकी झाली. दोन. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

लेक होती. जिना चढून धापा टाकत होती, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. किटलीची वाफ बघून ती काय ते समजली.

“सोडा बाबा. या वयात तुरुंगात जायचंय?”

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. लाजही वाटली. पोरीनं वाचवलं आपल्याला, म्हणून त्याचे डोळे भरून आले. त्यानं किटली खाली ठेवली आणि गार पाण्याचा मग तिच्यापुढे सरकवला.

खाली लोक हसत पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. लेक भोकापाशी बसली. खाली एकदा बघितलं. गार पाण्याचा मग तिनं पायानं बाजूला सारला.

“फडकं द्या,” ती म्हणाली. “डाव्या हातानं जमेल मला.”