भेटायला आलेली माणसं

शिंकत शिंकत आत शिरणाऱ्या आकाराममामांना संघप्रिया दारातच आडवी आली आणि त्यांच्या हातातली शहाळी तिनं बाहेरच ठेवून घेतली.

"मामा, हितनंच बोला."

"अगं, नुसतं तोंड दावतो की पोराला. एवढ्या लांबनं आलोय."

"त्यास्नी बरं वाटल्यावर दावा."

मामा तोंड वाकडं करून गेले. आता भावकीत बोभाटा होणार, सुनेनं दार अडवलं म्हणून. होऊ दे. एसटीडी बूथवरून सगळ्यांना येऊ नका म्हणून कळवून झालं, तरी शिवाजी पेठेतल्या या दोन खोल्यांत माणसांची रीघ काही थांबत नव्हती. आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे त्याच्या उशाशी बसून खोकायचंच, असं यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. नवऱ्याच्या, प्रसेनजीतच्या, अंगानं नवी किडनी झिडकारू नये म्हणून गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्तीच खाली आणलेली. लहानपणी त्याला कांजिण्या आल्या नव्हत्या. आता आल्या तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. किती जणांना सांगायचं हे? वैताग नुसता.

पुन्हा कडी वाजली. ती तणतणतच दाराशी गेली.

बाहेर सासू होती. लेकाला स्वतःची किडनी देऊन पारूबाई गावी नेसरीला गेल्या, त्यानंतर आज पहिल्यांदाच येत होत्या. संघप्रिया बाजूला झाली. यांना कोण अडवणार? पारूबाई चपला काढायला वाकल्या आणि पदर सरकला. कमरेवर गेरूचा लाल लेप होता, त्यातून पाण्यानं भरलेले फोड दिसत होते.

संघप्रियानं चटकन चौकटीवर आडवा हात धरला. "आत्या, ही नागीण हाय."

"व्हय. गेरू लावलाय की. उतराय लागलीया."

"कांजिण्यांचंच इख त्ये. त्यास्नी लागलं तर..."

पारूबाई वाकल्या होत्या तशाच थांबल्या.

"माझी किडनी चालली, आन् मी चालत न्हाय व्हय?"

संघप्रियाला रडू फुटलं. पण चौकटीवरचा हात तिनं काढला नाही.

"कोण हाय गं?" आतून प्रसेनजीतनं विचारलं.

तिनं सासूकडं बघितलं. पारूबाईंनी सांगू नको म्हणून मान हलवली.

"पावणं हुतं. गेलं."

"सगळी येत्यात," तो आतूनच म्हणाला. "आई तेवढी फिरकंना."

पारूबाईंनी ते ऐकलं. चपला न घालता, तशाच हातात धरून त्या जिना उतरू लागल्या.