नवव्या कलमाची सून

दाजी खोबरेकर असत्य बोलत नसत. अठ्ठावीस वर्षे त्यांनी गावच्या शाळेत मुलांना अक्षरे गिरवायला लावली होती, आणि स्नान करून ग्रामदैवत रवळनाथाला फूल वाहिल्यावाचून त्यांनी कधी तोंडात पाणी घेतले नव्हते. सुभद्रा सून म्हणून आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. दाजींनी स्वतः समोर बसवून तिला नाव लिहायला शिकवले. आईबापांवाचून मामाकडे वाढलेल्या त्या मुलीला सासऱ्याच्या रूपाने साक्षात गुरूच लाभल्यासारखे वाटले.

सन १९५४ च्या मार्गशीर्षात मुंबईहून जाडजूड लिफाफा आला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका इंग्रज वसाहतीत प्रशिक्षणार्थी पोलीस अधिकारी म्हणून दाजींच्या मुलाची, सगुणची, निवड झाली होती. दाजींनी ओसरीवर बसून नोकरीच्या अटी एकेक करून मराठीत सांगितल्या. वय, उंची, छातीचे माप. दोन वर्षे उमेदवारीची. त्या काळात कारण न देता काढून टाकण्याचा अधिकार सरकारचा. नववे कलम त्यांनी दोनदा वाचले. उमेदवार अविवाहित असला पाहिजे. नोकरीत कायम झाल्यावर, वरिष्ठांची लेखी अनुज्ञा घेऊनच त्याने विवाह करावा.

सगुण आणि सुभद्रा यांचे लग्न त्याच वर्षीच्या वैशाखात झाले होते.

"मगे नाय म्हणान कळवा," सगुण हळूच म्हणाला. त्याची नजर मात्र लिफाफ्यावरून ढळत नव्हती.

दाजी तीन दिवस रवळनाथाच्या देवळात जाऊन बसले. चौथ्या दिवशी ते प्रसन्न मुद्रेने देवळातून आले.

"सुभद्रे, गळ्यातला देवाकडे ठेवूया. दोन वर्सां तो सांभाळीत. तो सांभाळी तोपर्यंत सगुण अविवाहित. म्हणजे माका खोटा लिहूक नको."

"आणि कोणी इचारल्यान तर मी कोण म्हणान सांगू?"

"सांग, घरातला माणूस," सासू आनंदीबाई आतून म्हणाल्या. "घरात म्हशीक पण माणसासारखाच वागवतंव आमी."

देवळात बाबली गुरवाने देवाच्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. दाजींनी हात जोडून गाऱ्हाणे घातले. डावी पडली.

"प्रश्न नीट मांडूक नाय आमी," दाजी शांतपणे म्हणाले. "परत लाव."

पुन्हा डावी पडली.

"देवाक पुरता समजूक व्हया, बाबली. परत लाव."

तिसऱ्या खेपेस उजवी पडली. दाजींच्या डोळ्यांत अश्रू उभे राहिले. सुभद्रेने मान वाकवली आणि मंगळसूत्र स्वतःच्या हातांनी काढून तबकात ठेवले.

पुढे तालुक्याहून जमादार चौकशीला आला. त्याला सोलकढी द्यायला सुभद्राच गेली.

"ही कोण?"

"नात्यातली आहे. पोरकी आहे," दाजी उत्तरले. ते खरेच होते. मामाच्या घराशी त्यांचे दूरचे नाते होते. वाडीने काही सांगितले नाही, कारण पुढच्या भरतीसाठी चार घरांतल्या मुलांची नावे दाजींनी आधीच लिहून घेतली होती.

सगुण गेला. सुभद्रेने दोन वर्षे पाणी भरले, भात कांडला आणि हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या दाराशी बसून राहिली. पत्रे यायची ती दाजींच्या नावाने. शेवटच्या ओळीत असायचे, 'घरच्या सर्वांस यथायोग्य.' त्या सर्वांत आपण आहोत, असे ती मनाशी धरून चाले.

१९५७ च्या आरंभी सगुण नोकरीत कायम झाला. सुभद्रेने त्या दिवशी कुणी न सांगता डोक्यावरून न्हाऊन घेतले आणि दाजींसमोर येऊन उभी राहिली.

"दाजीनु, आता देवाकडसून आणूया मां?"

दाजींच्या हाती सगुणचे पत्र होते. तिथल्या अधिकाऱ्यांच्या बायका इंग्रजी बोलतात, असे त्याने लिहिले होते. वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्याची मॅट्रिक झालेली मुलगी विमला दाजींनीच त्याला वधू म्हणून सुचवली होती. दाजी म्हणतील तसे करू, असेही त्याने लिहिले होते. यातले काही न सांगता दाजी म्हणाले, "देवाक इचारूक व्हया."

बाबलीने पाकळ्या चिकटवल्या. सुभद्रा खांबाला टेकून पाहत राहिली. डावी पडली.

"परत लावा!" ती ओरडली. "दाजीनु, परत लावूक सांगा! तेव्हा तीनदा लावलात!"

बाबलीने दाजींकडे पाहिले. दाजींनी भक्तिभावाने डोळे मिटले.

"देवान सांगल्यान. परत परत इचारणा म्हणजे त्येचो अपमान."

"तेव्हा अपमान नाय झालो?"

"तेव्हा त्येका समजूक नव्हता. आता समजला."

घरी आल्यावर आनंदीबाई म्हणाल्या, "रडतंस कित्याक गो? देवाकडचा सोना विमलाक घालतलंव. वाया काय जाणा नाय."

विवाहाच्या अनुज्ञेसाठी अर्ज पाठवायचा होता. अर्जदाराचा यापूर्वी विवाह झालेला नाही, असे घरातल्या दोघांनी साक्षांकित करायचे होते. आनंदीबाईंनी अंगठा उठवला. दाजींनी टाक सुभद्रेपुढे धरला.

"माजी सही कित्याक?"

"तुजीच व्हयी. उद्या तूच उलट बोलाक नको म्हणान."

"आणि नाय केलंय तर?"

"तर मामाकडे जा. तो दारात उभी करता काय बघ."

मामाने दोन वर्षांत एकदाही विचारपूस केली नव्हती. सुभद्रेने टाक घेतला आणि दाजींनीच शिकवलेल्या वळणाने सावकाश लिहिले: सौ. सुभद्रा सगुण खोबरेकर.

दाजींनी ते वाचले. रागावले नाहीत. कागदाच्या चार घड्या करून त्यांनी तो चुलीत घातला, दुसरी प्रत काढली आणि शाळेत मुलांची बोटे धरीत तसा तिचा डावा हात धरला. अंगठा शाईत बुडवून त्यांनी तो कागदावर दाबला. तिने हात ओढून पाहिला. म्हाताऱ्याची पकड सुटली नाही.

मग शाई सुकेपर्यंत त्यांनी वर फुंकर घातली आणि ठशाखाली वळणदार अक्षरांत लिहिले: 'निशाणी डाव्या अंगठ्याची, सुभद्रा.'

त्यात असत्य एक अक्षरही नव्हते.