आक्काताईंच्या भुसकटातली तांबडी

दुष्काळ सरला, त्या दिवाळीला हंबीरकाका पलटणीतून रजेवर आले ते कराडहून डालग्यात एक तांबडी कोंबडी घेऊनच. नुकतं चिंचेनं घासलेलं तांब्याचं घंगाळ उन्हात चमकावं, तसं तिचं अंग! स्वभावानं इतकी गरीब की मी अभ्यासाला बसले की येऊन मांडीवरच बसायची.

हरणाकाकीला मात्र ती पटली नव्हती. आषाढ आला, आमच्या सगळ्या गावठी कोंबड्या खुडूक झाल्या. म्हणजे अंडी घालायचं थांबवून, पिसं फुलवून, अंड्यांवर ठाण मांडून बसल्या. तांबडीला त्याचं काहीच नाही! काकीनं तिला अंड्यांवर बसवून वर डालगं पालथं घातलं. तिनं आत धिंगाणा केला, अंडी फोडली आणि डालगं उचलताच उकिरड्याकडं पळाली.

"पिल्लं काडत न्हाई ती कोंबडी कसली?" काकी म्हणाली. "मंगळवारी आखाडाला हीच कापायची."

मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच ढाल मिळवली होती. उठले आणि चुलीपुढंच भाषण ठोकलं, "काकी, ही ऱ्होड आयलंड जातीची! अमेरिकेतलं एवढंसं राज्य. तिथल्या शेतकऱ्यांनी जहाजातनं आलेला मलायाकडचा तांबडा झुंजार कोंबडा आपल्या कोंबड्यांत सोडला. त्यातनं ही जात निघाली. खुडूक फारशी होत नाही, म्हणून तर अंडी देत राहते! आमच्या सरांनी सांगितलंय."

"व्हय का? मंजे बाप मलायाचा, आई अमेरिकेची, आन् लेक आमच्या उकिरड्यावर! भाषण झालं असंल तर मसाला वाट."

ढाल घरात काही कामाची नाही, हे मला तेव्हा कळलं. सोमवारी संध्याकाळी मी तांबडीला ओढणीत गुंडाळलं आणि शेजारच्या आक्काताईंकडं गेले. आक्काताई जैन. अंधारात चालताना मुंगी चिरडेल म्हणून जपून पाय टाकणाऱ्या. त्यांच्या दारातून कोंबडी ओढून नेऊन कापायची छाती गावात कुणाची?

"जीव वाचतोय नव्हं? मग ठेव की," त्या म्हणाल्या. "बसंल तुरीच्या भुसकटात."

कोंबडी अंडीही घालते, हे मी बोलले नाही. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातच आलं नाही!

मंगळवारी घरी गावठी कोंबडा कापला. काकी मला म्हणाली, "लपीव कितीबी. फुडच्या मंगळवारी कुठं जाशील?"

पण त्या आधीच्या रविवारी, पंधरवड्यापूर्वी पुन्हा रजेवर आलेले काका ताटावर बसले आणि म्हणाले, "अंडापोळी बंद का झाली गं?"

"कोंबड्या खुडूक बसल्यात की समद्या."

"त्या तर कवाच्या बसल्यात. मंग मी आल्यापास्नं खाल्ली ती अंडी कुणाची?"

काकीनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी गालातल्या गालात हसत होते, तोच दारात आक्काताई!

"हरणाबाई, तुमची लेक आमच्याकडं बाळंतपणाला आलीया! रोज भुसकटात एक अंडं. मला हात लावाय येत न्हाई, फेकाय येत न्हाई. म्हशीला भुसकट कसं घालू?"

काकी माझ्याकडं बघून म्हणाली, "ही बघा आमची वकील!" मग पदर खोचून निघाली. "आणते मी तिला."

आक्काताई दारात आडव्याच. "कापणार असाल तर न्हाई द्यायची. भुसकट गेलं तरी चालंल."

"न्हाई कापत."

"असं न्हाई. आण घ्या."

"जोतिबाची आण! बास?"

"आन् अंड्यांचं काय ते तुमचं तुमी बघा. मी डोळं मिटते." आणि आक्काताईंनी खरंच डोळे मिटून घेतले.

काकीनं भुसकटातली अंडी एकेक करून पदरात घेतली. तांबडीला मी काखेत मारलं. घरी आल्यावर काकी चुलीकडं न जाता थेट खुडूक बसलेल्या काळीकडं गेली आणि हळूच एकेक अंडं तिच्या पोटाखाली सारू लागली.

"अगं, माझी अंडापोळी?" काका ओरडले.

"आज ठेचा खावा," काकी मागं न बघता म्हणाली. "चंद्रे, तुझ्या सरांना इचार, पिल्लं तांबडी निघत्यात का काळी?"